सहा दिवस आणि साडेसहा फूट

१२ ऑगस्ट १९९९, गुरुवार. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई, माझी पत्नी कमल आणि मी असे तिघे होतो. सोनोग्राफीचे अडीचशे रुपये भरले होते.

"अकरा आठवडे, एक दिवस," बाई म्हणाल्या. "यांना मायट्रल स्टेनोसिस आहे. मूल ठेवणं जिवावर बेतेल."

मायट्रल स्टेनोसिस म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणं. कमल एकोणचाळीस वर्षांची, घरी दोन मुली.

शिराळ्यात एकजण इंजेक्शनने पोट 'मोकळं' करतो, हे ऐकून होतो. परदेशात गोळीने होतं, असंही वाचलं होतं. बाईंना दोन्ही विचारलं.

"गोळीला आपल्याकडे अजून परवानगी नाही. आणि इंजेक्शनवाल्याच्या भिंतीवर गर्भपात केंद्राचं सरकारी प्रमाणपत्र आहे का?"

इथे होतं. मी पूर्ण वाचलं. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे दोघांचं लागतं, असं बाईंनी सांगितलं. हाती सहा दिवस होते.

संमतीचा फॉर्म आला. मी पेन काढलं.

"तुमची सही नको. त्यांची."

घरच्या प्रत्येक कागदावर आजवर मीच सही केलेली. कमलने फॉर्म दोनदा वाचला, पण सही करेना.

"आवं, नंतर टाकत्यात कुठं? उकिरड्यावर, कुत्र्यांम्होरं? ते कळल्याबिगर मी न्हाई करणार."

तिच्या माहेरी असलं परसात पुरतात.

मी पाटबंधारे खात्यात मोजणीदार. बघायला गेलो. आयाबाईंनी इमारतीमागचा खड्डा दाखवला. वर लोखंडी झाकण, त्याला कुलूप.

"अंगातलं जे निघतं ते पिवळ्या पिशवीतनं हितं. नवा नियम हाय. वर चुना, मग माती."

"खोली?"

"दोन मीटर. उतरून मोजताय का काय?"

"जवळ विहीर?"

"न्हाई. लय चौकशी करताय, भाऊ. सरकारातनं आलाय व्हय?"

"बायकोनं पाठवलंय."

"मग नीट बघा."

परत येऊन सांगितलं, "साडेसहा फूट. चुना. कुलूप."

"कुलूप ओढून बघितलं?"

मी गंज लागलेली बोटं दाखवली. तिने सही केली.

सोमवारी हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं. मंगळवारी सक्शन झालं, म्हणजे नळीने गर्भाशय रिकामं करतात. वीस मिनिटं लागली. मी बाहेर घड्याळ बघत होतो. बाई येऊन म्हणाल्या, "ठीक आहेत."

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचावं. मागच्या खड्ड्याचंही विचारावं. विचारलं म्हणून आमच्यावर कोणी रागावलं नाही.

बुधवारी दवाखान्याला अकराशे रुपये भरले. निघताना कमलने माझ्याकडून वीस रुपये मागून घेतले आणि आयाबाईंना द्यायला ती एकटीच इमारतीमागे गेली. परत आली तेव्हा तिच्या बोटांना गंज लागला होता.