चांगुणानं बांधलेलं इंजिन

सातपूरला जुन्या मोटरसायकली नव्यानं उभ्या करणारं एक पत्र्याचं वर्कशॉप आहे. मालक हिरामण. रंगकाम, पॉलिश आणि गिऱ्हाइकांशी गप्पा त्याच्याकडे. इंजिन मात्र त्याची बायको चांगुणा बांधते. तिचे वडील पुंजाराम कारखान्यात फिटर. सुट्टीच्या दिवशी ते दारात स्वतःची राजदूत मोटरसायकल खोलायचे आणि पाने पोरीच्या हातात द्यायचे. लग्नानंतर तिच्या ध्यानात आलं, की नवऱ्याला इंजिनातलं फारसं कळत नाही. तिनं ते काम आपणहून अंगावर घेतलं. त्याला वीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी एका डॉक्टरांची जुनी जावा आली. गोठ्यात पडून पडून इंजिन पार जाम. पिस्टन हलेना. चांगुणानं चार दिवस त्यात डिझेल भरून ठेवलं, मग लाकडी ठोकळ्यानं हळूहळू ठोकत तो सोडवला. आतल्या धातूच्या कड्या, म्हणजे बुश, मिळेनात, तर लेथवाल्यासमोर उभं राहून करून घेतले. आठ महिन्यांनी गाडीनं दुसऱ्या किकला आवाज दिला.

"चांगुणे, तुझ्या हाताला तोड नाही गं," हिरामणनं तिला पेढा भरवला.

पुढं दिंडोरीजवळ एका द्राक्षबागेत जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. जावाचा पहिला नंबर आला. डॉक्टरांनी हिरामणला स्टेजवर बोलावलं. निवेदन करणाऱ्या मुलीनं विचारलं, "इंजिन कुणी बांधलं, काका?"

"मीच की. नट न् नट माझ्या हातचा," हिरामण माइकवर म्हणाला. "आमच्या मंडळी डबा वेळेवर देतात, तेवढी साथ."

लोक हसले. पुढच्या रांगेत बसलेल्या चांगुणानं हात पदराखाली घेतले. नखांतलं काळं घासूनही गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात तिनं विचारलं, "काल असं का बोललात?"

"अगं, बाईनं इंजिन बांधलंय म्हटल्यावर कोण गाडी देईल? धंद्यात बोलावं लागतं."

"म्हणजे नेहमीच असं सांगता?"

हिरामण पॉलिशचं फडकं शोधायला लागला.

तिला एकेक गिऱ्हाईक आठवलं. ती इंजिनात कोपरापर्यंत बुडालेली असताना 'वहिनी, चहा होईल का?' म्हणणारी माणसं. लोकच तसे, असं तिला वाटायचं. लोकांना बिचाऱ्यांना काय माहीत? ज्याच्यासाठी ती राबली, त्यानंच तिच्या पाठीमागे तिचं काम स्वतःच्या नावावर केलं होतं.

बाकावर एका निवृत्त गुरुजींच्या येझदीचं इंजिन अर्धं जोडलेलं होतं. ते तसंच टाकून निघून जावं, असं तिच्या मनात आलं. पण गुरुजींचा काय गुन्हा? तिनं काम पुरं केलं. गुरुजी गाडी न्यायला आले, तेव्हा हिरामण उठायच्या आत ती पुढे झाली.

"गुरुजी, हे इंजिन मी बांधलंय. इथली सगळी मीच बांधते. काही वाजलं तर मला विचारायचं."

गुरुजींनी हिरामणकडे पाहिलं. "खरं का हो?"

त्यानं खाली बघत येझदीची टाकी पुसायला घेतली.

"बरं, ताई," गुरुजी म्हणाले, आणि काय काय बदललं ते तिलाच विचारू लागले.

नवरा-बायको आजही त्याच छपराखाली काम करतात. बोलणं कामापुरतंच असतं.