मांडीवर न दिलेली पोरगी

दौंडहून पुण्याला निघालेल्या एसटीत एक बाई तान्ही मुलगी घेऊन उभी होती. आपल्याकडे अशा बाईचं लेकरू बसलेल्या कुणाच्या तरी मांडीवर येतंच. मी हात पुढे केले. "नको ताई," म्हणत तिनं पोरीच्या तोंडावर पदर ओढला. मला रागच आला. एवढं काय सोनं लागलंय हिच्या पोरीला!

पुढं शेजारची जागा रिकामी झाली, तशी ती बसली. हळूच म्हणाली, "तुम्ही परत भेटणार न्हाई, म्हणून सांगते. मला एचआयव्ही हाय. हिला न्हाई, रिपोर्ट चांगला आला. त्या आनंदात जावळाला समद्यांच्या मांडीवर फिरली, आन् निमोनियानं जाता जाता वाचली. डॉक्टर म्हणाले, आईला हे असलं की लेकराला नसलं तरी बाकीचे आजार लवकर धरत्यात."

"मग घरी सांगा ना, हिला कुणी घेऊ नका म्हणून."

"का घेऊ नका, ते बी सांगावं लागंल."

यवतला तिला न्यायला एक बाई आली होती. "ये गं आत्याकडं," म्हणत ती खोकतच पुढं झाली.

मी खिडकीतून बघत होते. तिनं पोरीच्या तोंडावरचा पदर काढला आणि पोरगी त्या बाईच्या हातात दिली.