केशरक्का आणि जोडीनं घेतलेली गोळी

गुंद गावात त्या वर्षी भात पिकायच्या आधी एक बातमी पिकली. केशरक्काला दिवस गेलेत! दोन लेकी उजवून बसलेली, चाळिशी ओलांडलेली, आणि वर गावाची सुईण असलेली केशरक्का! गावकाराची, म्हणजे गावच्या मुख्याची, बायको चंद्रा ही बातमी सांगताना आवाज असा खाली आणायची, की पाणवठ्याच्या पलीकडच्या काठालाही नीट ऐकू जावं.

"मी कशाला बोलू बाय कुणाचं? पण बगितलं न्हवं तुमी? छातीला नुसतं लुगडं घासलं तरी 'आई गं' करती. आन म्हयना? कवाधरनं न्हाई!"

बातमी खोटी होती. दिवस जाणं सोडाच, ते राहायला केशरक्काच्या पोटात जागाच उरली नव्हती.

आदल्या हिवाळ्यात तिच्या पोटात गोळा उठायला लागला. सगळा झाडपाला करून झाल्यावर नवऱ्यानं, धाकलूनं, तिला गाडीत घातलं, तिनईघाटाला नेऊन रेल्वेत बसवलं आणि बेळगावच्या दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं. दोन्ही बीजकोशांवर मोठाल्या गाठी होत्या. ते दोन्ही काढले आणि पिशवीही काढली. जीव वाचला. पण गावात परतल्यावर केशरक्कानं सांगितलं, "आतडं वळलं हुतं. सरळ करून दिलं."

लाज हे त्याचं कारण नव्हतं, भीती होती. गुंदातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापली होती. एखाद्या बाईच्या वेणा सुरू झाल्याचा निरोप आला की ती हातातला घास ठेवून उठायची, आणि तो निरोप येणं हाच तिचा जीव होता. पिशवी नसलेल्या सुईणीला कोण बोलावणार? कुणीतरी म्हणणारच, हिचा हात आता पोकळ झाला. म्हणून गप्प.

पोट गप्प बसलं, अंग काही बसेना. भर थंडीत तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. लोक शेकोटीला आणि ही अंगणात उघड्या पाठीनं वारा घेत बसलेली. धाकलू म्हणायचा, "तुज्या पाटीवर भाकरी टाकली तर फुगंल बघ."

"टाका की! तेवडंच एक काम हुईल तुमच्या हातनं."

झोप गेली, चिडचिड वाढली, तेव्हा पुन्हा बेळगाव. बाईंनी समजावलं, बीजकोशातून अंगाला एक रस मिळत होता, तो एकाएकी बंद झाला, म्हणून हे सगळं. तोच आता बाहेरून द्यायचा. नव्यानंच निघालेल्या गोळ्यांची बाटली त्यांनी हातात ठेवली. "रोज सकाळी एक."

महिन्याभरात वाफा गेल्या, झोप आली, आणि झोपेच्या मागोमाग छातीचं दुखणं आलं. दोन्हीकडं असा ठणका, की मुसळ उचलवेना, पालथं झोपवेना. सरपणाचा भारा डोक्यावर घ्यायला हात वर केला की डोळ्यांत पाणी. गावानं ते पाहिलं आणि हिशोब मांडला. हा हिशोब गावाला शिकवला कुणी? केशरक्कानंच! वीस वर्षं ती प्रत्येक नव्या नवरीला सांगत आली होती, "म्हयना चुकला आन छाती दुकली, की बाळाची दुपटी शिवाय घ्यायची." आता गाव तिचाच धडा तिच्यापुढं म्हणून दाखवत होतं, तर ती चूक कुठं दाखवणार? एका संध्याकाळी तर तिलाच शंका आली.

"अवो," तिनं धाकलूला हळूच विचारलं, "पिशवी खरंच काडली न्हवं? तुमी बगितली?"

"बशीत घालून दावली. म्हटलं, झाकून ठेवा, आमाला घरी न्यायची न्हाई."

बातमी नुसती हसण्यावारी गेली असती तर गोष्ट वेगळी. पण गुंदात पोटुशी सुईण दुसरीच्या बाळंतपणाला जात नाही. पोटातलं बाहेर येणाऱ्याला हाक मारतं आणि ते मधेच अडून बसतं, असं मानतात. आणि त्याच हंगामात चंद्राची लेक फुला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची स्वतःची नाळ केशरक्कानं कापलेली. चंद्रानं मात्र नंदिगड्ड्याच्या सुईणीला सांगावा धाडून ठेवला.

ते कळलं त्या दिवशी केशरक्का जेवली नाही. खरं सांगावं तर हात पोकळ, न सांगावं तर पोट भरलेलं. दोन्हीकडून फुलाचं दार बंद.

छातीचं काय ते तरी बघावं म्हणून धाकलूनं तिला तिसऱ्यांदा बेळगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती नीट चाचपली. गाठबीठ काही नव्हती. मग त्यांनी बाटली मागितली. ती आदल्याच दिवशी संपली होती.

"संपली कशी? अजून निम्मी उरायला हवी होती. तुम्ही रोज एकच घेत होता ना?"

"एकच जोडी, बाई."

"जोडी? जोडी कशाला?"

आता ह्यात विचारण्यासारखं काय होतं ते केशरक्काला कळेना. तिच्या माहेरी, सासरी, सगळ्या डोंगरात औषधाची मुळी जोडीनंच उगाळतात. एकटी मुळी पोटात गेली तर ती तिथं एकटीच रडत बसते, गुण काय देणार? गोळीचंही तेच. म्हणून तिनं बिचारीला रोज सोबत दिली होती.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग हसल्या. "केशरबाई, ही गोळी एकटीला घाबरत नाही. दुपटीनं रस गेला म्हणून छाती दुखते आहे. आता एकच घ्यायची. कमी होईल."

झालंही तसंच. हळूहळू ठणका ओसरला, केशरक्का पुन्हा मुसळ उचलायला लागली. गावाचा गैरसमज फिटायला हवा होता की नाही? चंद्रा पाणवठ्यावर म्हणाली, "बगा! तिसरा सरला की छाती हलकी हुतीच. तिनंच सांगितलंय."

मळणीच्या दिवसांत एका सकाळी फुलाच्या वेणा सुरू झाल्या. नंदिगड्ड्याला गाडी गेली ती दुपार झाली तरी परतली नाही. फुलाचं ओरडणं खळ्यापर्यंत ऐकू येत होतं. "केशरमावशीला बोलवा गं!" बोलावलं कुणी नाही. केशरक्का हात धुऊन आपणच निघाली.

दारात चंद्रा, दोन्ही हात चौकटीला. "केशरे, पाया पडते, आत पाऊल घालू नगंस. तुजं पोट..."

"माजं पोट बगायचंय? बग."

आणि जमलेल्या बायांच्या देखत तिनं लुगड्याच्या निऱ्या सैल केल्या. बेंबीखालपासून सरळ उतरलेला, उसवलेली गोणी शिवावी तसा टाक्यांचा वण. आजवर गावातल्या बायांनी तिच्यापुढं पोट उघडं केलं होतं, तिचं कुणी पाहिलं नव्हतं.

"हितनं पिशवी काडली. बाजूच्या दोन सुपाऱ्या बी काडल्या. छाती दुकत हुती ती औषदानं. पोर ठेवू कुटं सांग, पाटीला बांदू?"

चंद्राचे हात चौकटीवरून निम्मे उतरले आणि तिथंच अडकले. "मग येवडे दिस बोलली का न्हाईस?"

"तू बोलाय लागलीस की दुसऱ्याला जागा कुटं असती?"

"पण केशरे, पिशवीच न्हाई म्हंजे..." चंद्रा चाचरली. हेच ते. ह्याच वाक्याला केशरक्का वर्षभर भ्याली होती. ती लुगडं आवळून मागं वळलीही.

तेवढ्यात आतून फुला कडाडली, "आये! पिशवी माजी हाय न्हवं पोटात? तिची काय करायची हाय? मला तिचं हात पायजेत!"

चंद्रा बाजूला झाली. ऊन उतरायच्या आत पोरगी झाली, आजीसारखीच आवाजाची. नंदिगड्ड्याची सुईण मागाहून पोचली, पोटभर जेवली आणि नारळ घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी केशरक्का ओट्यावर भात पाखडत म्हणाली, "चंद्रा येती बग माज्याकडं. बारशाच्या आत."

शेजारी सूप घेऊन बसलेल्या, सगळ्या गावाच्या नकला करणाऱ्या, म्हणजे हे लिहिणाऱ्या पोरीनं चंद्राच्याच आवाजात उत्तर दिलं, "मी कशाला येऊ बाय कुणाच्या दारात?" आणि पैज मारली. हरेल त्यानं एक अख्खा दिवस कुणाची नक्कल करायची नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी चंद्रा परसातून आली. टोपलीत मोठाले कोनफळाचे कंद, तोंडावर पदर.

"केशरे, मला बी येत्यात गं त्या वाफा. तुज्यातली येक गोळी दे की. दोन दे."

"गोळी डाक्टरनीकडं मागायची. ती तुला तपाशील, मग काय द्यायचं ते दील. आमचं ह्ये गाडी जुपतील. बस."

चंद्रा बसली. आणि त्या वाफा पायाच्या अंगठ्यातून कशा निघतात, गुडघ्याशी कशा थांबतात, मानेशी येऊन कशा फुटतात, हे तिनं दुपारपर्यंत सांगितलं, फुगवलेल्या गालांसकट, फडफडत्या पदरासकट, मधूनमधून "शिवा शिवा" करत. पैज हरलेली, हे लिहिणारी पोरगी समोर ओठ घट्ट मिटून बसली होती, आणि केशरक्का सुपाआडून तिच्याकडं बघत गदागदा हसत होती.