पान एकशे चारचा नियम

मुलांनो, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर सांगितलंत की तिकडे तुमच्या फाशाच्या खेळात नियमांच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीवरून भांडण झालं. बाबाने सांगितलेला नियम पुस्तकात कुठेच सापडेना, म्हणून तुमच्या मित्रांनी त्याला थापाड्या ठरवलं. सांगताना तुम्ही हसत होतात. मला हसू आलं नाही. माझ्या मुलावर हा आरोप दुसऱ्यांदा झाला आहे, आणि पहिल्या वेळी मी गप्प बसले होते. म्हणून हे लिहून पाठवते.

नव्वदच्या दशकात आम्ही वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला राहायला आलो, तेव्हा तुमचा बाबा अकरावीत होता. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा शेजारच्या सिंदी मेघेला राहायचा. दोघे एकाच वर्गात. तो मला मोठ्याई म्हणे. त्यानेच नागपूरच्या हॉस्टेलमधल्या कुणाकडून त्या खेळाच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक दोन दिवसांसाठी आणलं. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी योद्धे आणि जादूगार व्हायचं, आणि वार लागला की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. तसला फासा वर्ध्यात मिळेना. आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात घातल्या.

स्टेशनजवळच्या दुकानात पुस्तकाची झेरॉक्स काढली. पुस्तक परत गेल्यावर कळलं, चार पानं नुसती काळी आली आहेत. पोरांचं इंग्रजी बेताचं, म्हणून नियम मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. दोनशे पानी वही, प्रत्येक नियमापुढे मूळ पानाचा आकडा. वही अर्धी झाली असतानाच त्यांनी खेळ सुरू केला; गोष्ट वर्गातला एक मित्र चालवायचा. पहिल्याच रविवारी पुतण्याचा योद्धा मेला आणि तो खेळ टाकून सायकल काढून निघून गेला.

त्या आठवड्यात मी काळ्या पानांपर्यंत पोहोचले. अर्धवट राहिलेली वही मला बघवत नाही. मी त्या पानांच्या जागी माझे नियम घातले. एकशे चारच्या नावावर लिहिलं: 'खेळाडू पडला आणि सोबती आपल्या तीन पाळ्या सोडून त्याच्याजवळ बसून राहिला, तर पडलेला मरत नाही.' कुणाला सांगितलं नाही. वाटलं, निदान रुसवेफुगवे थांबतील.

झालं उलटंच. तुमचा बाबा पुढे धावणारा. त्याचा योद्धा पडायचा आणि पुतण्या मुकाट बसायचा. तीन पाळ्या म्हणजे कधी कधी अर्धा तास. मग एकदा पुतण्याचा योद्धा पडला.

"बस नं बे माह्याजवळ."

"थांब जरा," तुमचा बाबा म्हणाला. "समोर दरवाजा उघडा आहे. खजिना जाईन."

"तुह्यासाठी मी चारदा बसलो."

"मी बोलावलं होतं का तुले?"

पुतण्याने डबा फरशीवर आपटला. चिठ्ठ्या घरभर झाल्या. तेराची चिठ्ठी कूलरखाली गेली ती सापडली नाही. मी म्हटलं, नवी लिहा. एक म्हणे, ज्याने डबा आपटला त्याने लिहावी. दुसरा म्हणे, ज्याच्यामुळे आपटला त्याने लिहावी. शेवटी कुणीच लिहिली नाही. पुढची कित्येक वर्षं हे दोन शहाणे एकोणीस चिठ्ठ्यांवर खेळले आणि दर रविवारी भांडले.

पुढे पुतण्या पुण्याला नोकरीला लागला. एका दिवाळीत तो नवीन आवृत्तीचं पुस्तक आणि खरा फासा घेऊन आला.

"आता या नियमानं खेळू," तो म्हणाला. "वही ठेवून दे माळ्यावर."

तुमच्या बाबाने पुस्तक चाळलं. "सोबत्यानं बसायचा नियम काऊन काढला यायनं?"

"काढला? तो होताच कुठी? पुण्यात एकाजवळ जुनं पुस्तक आहे, अस्सल. एकशे चार पान पाह्यलं मी. घोड्यांचे भाव आहेत तिथं!"

"म्हणजे?"

"म्हणजे तू लिहून घेतला मोठ्याईकडून. मले बसवून ठेवाले. इतकी वर्षं उल्लू बनवून राह्यला होता लेका."

"तोंड सांभाळ. आईची वही आहे ते. माही आई खोटं लिहीन का?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्याची ताटली घेऊन दारात उभी होते. याच दोघांना मी अकरावीचं इंग्रजी शिकवताना दटावलं होतं: उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, मनाचं ठोकून देऊ नका.

मी म्हणाले, "फार जुनी गोष्ट आहे, मला आठवत नाही. चिवडा घ्या."

"पाह्य," पुतण्या म्हणाला. "मोठ्याईच्यानं बी बोलणं होऊन नाई राह्यलं."

तुमच्या बाबाने त्याची कॉलर धरली. झोंबाझोंबीत नव्या पुस्तकाचं कव्हर फाटलं. पुतण्या फासा खिशात घालून निघून गेला. त्याच्या लग्नाला तुमचा बाबा गेला नाही. तुमचा बाबा परदेशी निघाला तेव्हा पुतण्या स्टेशनवर आला नाही. दिरांच्या घरी आजही मला पाणी मिळतं, चहा मिळत नाही.

तर नियम माझा आहे. तुमच्या बाबाने लिहून घेतला नाही, तो मी मनाने घातला हे त्याला ठाऊकही नव्हतं. हे पत्र त्याला वाचायला द्या, आणि तुमच्या मित्रांनाही सांगा. खजिन्यामागे धावला तो मात्र स्वतःच्या बुद्धीने. ते मी माझ्या अंगावर घेणार नाही. मी काय केलं ते पुतण्याला पुण्याच्या पत्त्यावर रजिस्टरने कळवलं आहे. पोच आली, उत्तर आलेलं नाही.

वही माझ्या कपाटात आहे, एकशे चारच्या नियमासकट. डबाही आहे. त्यात चिठ्ठ्या एकोणीस आहेत.