तुंब्यातलं पाणी

चाळिशीत मी बेत केला: ऐन उन्हाळ्यात, पाठीवर सामान घेऊन, चिचगडच्या जंगलातल्या कोरड्या दरीत एक रात्र मुक्काम. सामानाच्या यादीत अक्कल तेवढी लिहायची राहिली.

तयारीच्या दिवसांत ओळखीचा एक वनमजूर रोज येऊन माझी पिशवी एका हाताने उचलायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बाई, पाणी कमी हाये."

"वाटेत झिरा आहे ना?"

"उन्हाळ्यात आटते तो. कायले जिद्द करून राहिल्या?"

मी पिशवीत लोणच्याची बरणी घातली, पाणी वाढवलं नाही. मैत्रिणींना घेऊन गेले. झिरा आटलेला होता. पुढे दरीत एका झाडाला भोपळ्याचा तुंबा टांगलेला, पाण्याने काठोकाठ भरलेला. कुणा गुराख्याचा असेल म्हणून आम्ही नाकं मुरडली, त्या पाण्याने पाय धुतले, आणि तहानेने व्याकूळ होऊन मुक्काम न करताच परतलो.

परत आल्यावर वनमजुराने विचारलं, "तुंबा भेटला काय, बाई?"

"त्यातल्या पाण्याने तर पाय धुतले आम्ही!" मी हसले, आणि हसता हसताच कळलं, तो कुणी टांगला होता ते.

"बरं झालं," तो म्हणाला. "पाय दुखले असतीन."

नातवंडांना ही फजिती मी रंगवून सांगते. त्याचं हे शेवटचं बोलणं मात्र गाळते.