ओसाड चंद्रावरची म्हातारी

माझ्या मित्राचं जालन्यात कापडाचं दुकान आहे, त्याचे पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं. कॉलेजच्या वयात आम्ही दोघं दुकानाच्या माडीवर, कापडाच्या गाठींना टेकून, एक व्हिडिओ गेम खेळायचो. तारे, जहाजं, धुळीचे ग्रह. त्याच विश्वावर इंग्रजी कादंबऱ्याही आहेत हे पुढं कळलं, आणि चाळिशी उलटली तरी आम्ही त्या आलटून पालटून वाचत राहिलो. घरचे टर उडवायचे. उडवोत बापडे.

मी परतूरला नोकरीसाठी एसटीनं अपडाऊन करतो. खिडकीतून सरकणारी शेतं आणि हातातलं पान यांत कितीदा तरी फरकच उरायचा नाही. कापसाची रानं पांढरी झाली की मला ती कुणा परक्या ग्रहाची जमीन वाटायची, आणि वाटूरच्या फाट्यावर लोक चढायला लागले की हे इथं कसे, असं क्षणभर वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात ठरलं, की दोघांनी आपापल्या तीन आवडत्या कादंबऱ्या निवडायच्या. एका रविवारी मोती तलावाच्या काठी बसलो. माझ्या तिन्हींत तुंबळ लढाया होत्या. त्यानं पहिलं नाव घेतलं ते एका बारकुल्या पुस्तकाचं. त्यात एक म्हातारी ओसाड चंद्रावर एक दिवा सांभाळते, येणाऱ्या जहाजांना वाट दिसावी म्हणून. गेममध्ये आम्ही त्या चंद्रावर फक्त इंधन भरायला थांबायचो.

"ही?" मी हसलो. "हिच्यात आहे काय? बाई जन्मभर एका जागी बसून राह्यली. असलं जगणं वाचायचं तरी कशाला?"

"बराबर आहे," तो म्हणाला. मग उठून दुकानाकडं निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन येणं बंद झालं. मी केला की म्हणायचा, गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू.

खरं सांगायचं तर मी त्या पुस्तकाची चाळीसच पानं वाचली होती. मत मात्र ठोकून दिलं होतं. ती माझी जुनी खोड आहे.

पावसाळ्यात ते पुस्तक मी बसमध्ये पुन्हा उघडलं. एक जहाज येतं. कप्तान म्हातारीला म्हणतो, चल, एक जागा रिकामी आहे. ती पिशवी भरते, दाराशी येऊन उभी राहते, मग परत आत जाऊन दिव्याची काच पुसायला लागते. बाहेर हिरवं सोयाबीन वाऱ्यानं हलत होतं आणि मला ती काच दिसत होती, तिच्यावरची धूळ, तिचा सावकाश फिरणारा हात. बस कधी थांबली, कधी निघाली, पत्ता लागला नाही.

मग एकदम आठवलं. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेला माझा मित्र वडील आजारी पडले म्हणून वर्षभरातच परत आल्ता, आणि तेव्हापासून रोज सकाळी नऊला दुकानाच्या गादीवर बसतो. त्याच्याच तोंडावर मी काय बोलून बसलो होतो. मला फार लाज वाटली. तरी फोन करायची हिंमत झाली नाही.

संवत्सरीला माझ्या मित्रासारख्या जैन घरांतली माणसं वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. सकाळी त्याचा सगळ्यांना पाठवलेला मेसेज मलाही आला. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि आता आपण फक्त त्याच्या यादीतले एक, असं समजून गप्प बसलो. संध्याकाळी तो स्वतः दारात उभा होता.

"मिच्छामि दुक्कडम्," तो हात जोडून म्हणाला. "जाणता-अजाणता मन दुखवलं असंल तर माफ कर."

"तू कशाला माफी मागतोस? मी ते पुस्तक पुरतं वाचलंच नव्हतं."

"माहीत होतं मला. जहाज येतं ते तुला माहीतच न्हवतं."

त्याला आत बसवलं, पाणी दिलं. तो प्यायला नाही, त्याचा निर्जळी उपास होता.

"आता वाचलंस?"

"वाचलं."

"मंग?"

"ती का गेली नाही, ते आता कळलं मला."

त्यानं पेला हळूच माझ्याकडं सरकवला.

"मला न्हाई कळलं अजून," तो म्हणाला.