मांडीखालचा दोर

लिलाबाई डाळमिलला निघाली की बाहेरून कडी लावायची. आधी दाराबाहेर चपला, मग कडीचा आवाज, मग गल्लीत विरत जाणारी पावलं. तोताराम आत चाकांच्या खुर्चीत बसून ते ऐकायचा. त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत ऐकण्याजोगं काही नसायचं. फक्त शेजारचा रेडिओ, आणि दाराशी आडव्या पडलेल्या भुऱ्या कुत्र्याचा श्वास.

कडी आधी नव्हती. तोताराम गटारात पडला त्यानंतर ती आली.

तोताराम मूळचा नरडाण्याजवळचा. कपाशीची बैलगाडी जिनिंगला न्यायची, वीस वर्षं हेच काम. सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात भरली गाडी नाल्यात कलंडली, पोती अंगावर आली आणि कमरेखालचं शरीर त्याचं राहिलं नाही. बैलांना खरचटलंही नव्हतं. गाडी विकली, बैल विकले. लिलाबाईला जळगावात डाळमिलचं काम मिळालं आणि दोघं पिंप्राळ्यात एका खोलीत राहायला आली. कुठल्याशा संस्थेच्या शिबिरात खुर्ची मिळाली. नवऱ्याला दिवसभर बोलायला कुणीतरी हवं म्हणून मिलच्या आवारातलं एक पिल्लू लिलाबाईनंच पदराखाली घालून आणलं. कुठल्यातरी बंगल्यातल्या अल्सेशियनचं रक्त त्यात असावं. दोन वर्षांत ते वासराएवढं झालं.

एवढ्या कुत्र्याला कोंडून ठेवता येत नाही, म्हणून तोताराम त्याला फिरवायला निघाला. जनावर चाकांच्या पुढे असतं, हे त्याच्या हातांनाच माहीत होतं. त्यानं दोर खुर्चीच्या पायटेकीला बांधला आणि भुऱ्याला पुढे घातलं. कोपऱ्यावर सायकल दुकानवाला सुपडू पंक्चर काढत होता.

"आबा, जोडीतला दुसरा बैल कुठे गेला?"

"दुसरा मीच," तोताराम म्हणाला.

दहा पावलांवर गटारातून डुक्कर निघालं. भुऱ्यानं उडी घेतली आणि खुर्ची त्याच्यामागे गेली. तोताराम गटारात, रिकामी खुर्ची मात्र कुत्र्यामागे खडखडत पार चौकापर्यंत. चौघांनी त्याला उचलून घरी आणलं, तेव्हा खांदा निखळलेला होता.

दुसऱ्या दिवशी कडी लागली. आठवड्यानं भाकरी थापता थापता लिलाबाई म्हणाली, "आखाजीले भाऊ लेवाले येई. त्यानासंगे ह्या कुत्राले धाडी देसू."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना होता. भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येणार आणि परत सोडून जाणार. भुऱ्याला मात्र कुणी परत आणणार नव्हतं. मग या खोलीत तोताराम एकटा राहील आणि कडी असली काय, नसली काय. कुत्र्यामुळेच तर त्याला बाहेर जायचं कारण होतं.

खांदा बसल्यावर खोलीतच त्यानं सुरुवात केली. चाकं फिरवायला दोन्ही हात लागतात. कुत्र्यासाठी तिसरा हात कुठून आणायचा? खुर्चीला बांधावं तर पुन्हा गटार, कमरेला बांधावं तरी तेच. दिवसभर तो भिंतीकडे बघत बसे. एका दुपारी त्याला विडीची तलफ आली, काडी ओढली आणि हात जागीच थांबला. गाडी हाकताना विडी पेटवायची झाली, की गाडीवान कासरा मांडीखाली दाबतो. त्यानंही वीस वर्षं दाबला होता. आणि बाजारातून घेतलेलं वासरू कुणी गाडीच्या पुढे जुंपत नाही. ते बाजूनं चालतं.

आता मांडी दाबणार नव्हती. पण जड होती. दोराचं टोक त्यानं डाव्या मांडीखाली सरकवलं. हलक्या ओढीला दोर टिकला. जोराचा हिसका बसला तेव्हा सुळकन निघून गेला. खुर्ची फक्त थरथरली. जुन्या दोरीची त्यानं बैलाच्या म्होरकीसारखी म्होरकी करून भुऱ्याच्या तोंडाला घातली, म्हणजे तोंड वळलं की अंग वळतं. रोज चार हात पुढे, चार हात मागे. खोलीत जागाच तेवढी. चाक थांबलं की कुत्रा थांबायला शिकला.

आखाजीच्या आठ दिवस आधी त्यानं खिडकीतून सुपडूला हाक मारली. "कडी काढ."

"वहिनी माले फाडी टाकी, आबा."

"फाडू दे. शिवायला मी आहे."

सुपडूनं कडी काढली.

फाटकापर्यंत काही झालं नाही. भुऱ्या डाव्या चाकाशी चालत राहिला. रेल्वेचं फाटक ही तोतारामची हद्द होती, कारण पुढची छोटी चाकं रुळांच्या खाचेत अडकत. फाटक पडत होतं. पलीकडे शेळ्या होत्या.

मांडीला काही कळलं नाही. दोर जाताना त्यानं डोळ्यांनी पाहिला. भुऱ्या फाटकाखालून रूळ ओलांडून गेला आणि मालगाडी आली.

"आबा, हलू नका. पलीकडे पोचलाय तो," गेटमन शालिग्राम ओरडला.

हलून जाणार कुठे? डब्यामागून डबे जात राहिले. मधल्या फटींतून त्याला पलीकडचा रस्ता तुकड्यातुकड्यानं दिसत होता, आणि कुठल्याच तुकड्यात कुत्रा नव्हता. खुर्ची जागच्या जागी उभी होती. ती पडली नाही याचं त्याला काहीच वाटलं नाही.

फाटक उघडलं. शेळ्या पांगल्या होत्या आणि भुऱ्या रस्त्याच्या मधोमध धापा टाकत उभा होता. घराकडे वळताना बैलांना घालायची तशी हाळी तोतारामनं घातली. चार वर्षांत ती तोंडातून निघाली नव्हती. भुऱ्या दोर फरफटत आला. शालिग्रामनं दोर उचलून दिला.

"घरापर्यंत ढकलू का?"

"नको."

संध्याकाळी लिलाबाई चुलीपाशी बसली तेव्हा तो म्हणाला, "आज फाटकलगून जाई उनू."

"कडी कोनी काढी?"

"सुपडूनी. दोर सुटना. भुऱ्या पलीकडे पयना."

तिचा हात पिठातच राहिला. "आनि तुम्ही?"

"खुर्ची जागावर व्हती."

"हाई माले सांगानं काय काम व्हतं?"

"दुसरं कोनी सांगतंच."

भुऱ्यापुढे तिनं भाकरी टाकली. ती रोजच टाकायची, त्यामुळे त्यावरून काही समजण्यासारखं नव्हतं.

सकाळी दाराबाहेर चपला वाजल्या. मग कडी वाजली. तोतारामनं डोळे मिटले. पावलं गल्लीच्या टोकापर्यंत गेली, थांबली आणि परत आली. कडी निघाली. दार हातभर उघडून लिलाबाई म्हणाली, "हातले सवय लागी गई." मग जाता जाता, "फाटकना पलीकडे जावानं नही. सांगी ठेवस."

"नही जात," तो म्हणाला.

पलीकडे त्याला जाताच येत नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. पण तिनं त्याला बजावलं होतं, जाऊ शकणाऱ्या माणसाला बजावतात तसं. तो बराच वेळ उघड्या दाराकडे बघत राहिला. मग दोराचं टोक त्यानं मांडीखाली सरकवलं.